वसाहतीचा ओला कचरा जिरवणारी साधनं : विजेचं यंत्र, फिरता ड्रम, गांडूळवाफा आणि हवेचे कप्पे

निवाडा आधीच सांगतो. रोज वीस ते शंभर किलो ओला कचरा जागच्या जागी जिरवायचा असेल, तर आमची पहिली पसंती जाळीच्या कप्प्यांना, आणि त्यातही तळातून हवा सोडणाऱ्या नळीसकट बांधलेल्या. दुसरी पसंती फिरत्या ड्रमला, पण खत मुरवायला वेगळी जागा असेल तरच. ‘चोवीस तासांत खत’ म्हणून खपवलं जाणारं विजेचं यंत्र खत करत नाही, कचरा वाळवतं. त्याचा उपयोग आहे, पण वेगळ्या कामासाठी. गांडूळवाफा उत्तम, मात्र जोडीला. सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही.

कोणतंही साधन पाहायला जाण्याआधी आठवडाभर कचरा वजन करून घ्या, कारण विक्रेता पहिला प्रश्न ‘किती घरं?’ हाच विचारतो आणि त्या उत्तरावरून सगळ्यात मोठं मॉडेल पुढे करतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेला जागतिक अंदाज घरगुती अन्नकचऱ्यासाठी माणशी वर्षाला ७९ किलो आहे, म्हणजे चौघांच्या घरामागे दिवसाला साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. सुरुवातीला सगळी घरं वेगळा करून देत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात हाती येणारा माल यापेक्षा कमीच असतो. साधन निवडताना सरासरी वजनावर नका जाऊ. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस पकडा.

साधनाआधी कोरडा माल

जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट ही की चारही साधनांचं यश कोरड्या मालावर ठरतं. पालापाचोळा, लाकडाच्या ढलप्या, फाडलेला पुठ्ठा, भुसा यांपैकी जे कायम मिळेल ते. अन्नकचऱ्यात साधारण ७५ टक्के पाणी असतं आणि कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, कितीपट कर्ब, म्हणजे कार्बन) १५ ते २० च्या घरात. सूक्ष्मजीवांना २५ ते ३० लागतं आणि ओलावा ५० ते ६० टक्के. ही दरी कोरडा माल भरून काढतो, शिवाय ढिगात हवा खेळायला पोकळ्याही तोच करून देतो.

हिशेब असा. १०० किलो अन्नकचरा घेतला तर त्यात ७५ किलो पाणी आणि २५ किलो घन भाग. त्यात १५ टक्के ओलाव्याचा ४० किलो पालापाचोळा घातला, की एकूण १४० किलोत पाणी ८१ किलो, म्हणजे ५८ टक्के. गुणोत्तरही ३० च्या जवळ येतं. आकारमानात सांगायचं तर एक बादली कचऱ्याला सव्वादोन ते अडीच बादल्या सुटा पालापाचोळा. रोज वजनकाटा लावायची गरज नाही, बादलीचं माप पुरतं. लाकडाचा बारीक भुसा मात्र याच मापाने घालू नका. त्याचं कर्ब-नत्र गुणोत्तर कितीतरी जास्त, दोनशेपासून पाचशेपर्यंत, आणि भुसा दाबून बसतो, त्यातून हवा जात नाही. तो पाल्यात थोडासा मिसळावा.

आता याच हिशेबाने पुढे जा. रोज ५० किलो कचरा म्हणजे रोज २० किलो पाला, महिन्याला ६०० किलो. सुटा पाला घनमीटरला ८०-१०० किलो भरतो, म्हणजे महिन्याच्या साठ्यालाच सहा-सात घनमीटर जागा लागते. चुरा केला तर ती निम्म्याहून खाली येते. पाला गळतो एका हंगामात आणि लागतो वर्षभर. जिथे ‘प्रकल्प बंद पडला’ असं ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा पाला संपलेला असतो आणि तरीही ओला कचरा ओतणं चालू राहिलेलं असतं. म्हणून साधनाआधी पाला साठवायचं छप्पर बांधा. पाला चुरणारं लहान यंत्र घेतलं तर ते मोठ्या कंपोस्ट यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

विजेचं यंत्र

रचना सोपी आहे. बाहेरून तापवलेली आडवी टाकी, आत फिरणारी पाती, वाफ ओढून नेणारा पंखा आणि वासासाठी कोळशाचा फिल्टर. संध्याकाळी कचरा टाकला की दुसऱ्या दिवशी तपकिरी, कोरडा, भाजल्यासारख्या वासाचा चुरा बाहेर येतो. दिसायला खतासारखा, पण खत नाही. लाकूड, काड्या, साली यांतले चिवट धागे एका दिवसात कुजत नाहीत, कितीही ‘खास जिवाणू’ घातले तरी.

खात्री करायची असेल तर यंत्र पाहायला जाताना एक बरणी न्या. चुरा मुठीत दाबल्यावर ओलसर लागेल इतकं पाणी घालून बरणीत भरा, झाकण सैल ठेवा. तीन-चार दिवसांत बुरशीचा पांढरा थर येतो, बरणी कोमट लागते आणि आंबूस वास सुटतो. म्हणजे कुजणं आता सुरू झालं. हाच चुरा झाडाच्या बुंध्याशी टाकला, तर तो तिथे कुजू लागतो, मुळांजवळचा प्राणवायू आणि नत्र खातो. पाणी उडून गेल्याने अन्नातलं मीठही त्यात एकवटलेलं असतं. पानं पिवळी पडली की लोक ‘खत जास्त झालं’ म्हणतात, पण मुळात ते खतच नसतं.

विजेचा प्रश्न यापेक्षा मोठा. एक किलो पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट ऊर्जा लागते, हा भौतिकशास्त्राचा आकडा आहे, त्यात कंपनी काही करू शकत नाही. १०० किलो कचरा १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचा तर ७२ किलो पाणी उडवावं लागतं. त्याला ४५ युनिट, शिवाय माल तापवणं, पाती फिरवणं आणि टाकीतून निसटणारी उष्णता वेगळी. विक्रेता १०० किलोला पंधरा-वीस युनिट सांगत असेल, तर एक तर चाचणीचा कचरा कोरडा होता, नाही तर बाहेर पडणारा माल ओला आहे. वाफेतली उष्णता परत वापरणारी रचना असेल तर आकडा खाली येऊ शकतो, पण मग ती रचना उघडून दाखवायला सांगा आणि पूर्ण भाराच्या एका दिवसाचं मीटर स्वतः वाचा.

बिघाड ठरलेले आहेत. चमचा, हाड किंवा दगड आत गेला की पाती वाकतात किंवा मोटर अडकते. वाफेच्या नळीत पाणी साचतं, ते कुजतं आणि वास यंत्रातून न येता नळीतून येतो. कोळशाचा फिल्टर ओल्या हवेत लवकर निकामी होतो आणि तो बदलायचा खर्च कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो.

मग हे यंत्र कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे खत करायला जागाच नाही आणि कचरा दूर नेऊन कंपोस्ट करायचा आहे, त्यांनी. १०० किलोचे २८ किलो होतात, माल आठवडाभर वासाशिवाय टिकतो, वाहतूक सोपी होते. हा खरा फायदा आहे. पण तोच चुरा आपल्याच आवारातल्या कप्प्यात घालणार असाल, तर आधी वीज जाळून पाणी उडवायचं आणि मग तेवढंच पाणी परत शिंपडायचं, असा प्रकार होतो.

फिरता ड्रम

ड्रमचा मोठा गुण म्हणजे तो बंद असतो. उंदीर, माश्या, कुत्री यांचा प्रश्न उरत नाही आणि फावड्याचं काम वाचतं. हाताने फिरवायचे लहान ड्रम साधारण रोज दहा-पंधरा किलोपर्यंत बरे. त्यापुढे गिअर आणि मोटर लागते, कारण ओला माल एका बाजूला बसला की ड्रम माणसाला हलत नाही.

घेताना चार गोष्टी उघडून पाहा. आत उभ्या पट्ट्या हव्यात, त्या नसतील तर माल उलटत नाही, नुसता घसरतो आणि त्याचे गोळे होतात. पाणी निथळायला तळाशी जाळीची भोकं आणि खाली तबक हवं. बेअरिंग ड्रमच्या बाहेर असावं, निथळणाऱ्या पाण्याच्या वाटेत नको, कारण ते पाणी आम्लयुक्त असतं आणि बेअरिंग खातं. पत्रा साधा लोखंडी असेल तर रंगावर विसंबू नका. आतल्या मालाच्या घासण्याने रंग आतून आधी जातो. स्टेनलेस स्टील ३०४ असेल तर उत्तम.

ड्रम दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. वर मोकळी जागा नसेल तर फिरवूनही माल मिसळत नाही. आणि फिरवण्याचा अतिरेक नको. दिवसातून चार-पाच फेरे पुरे. सतत फिरवलं की माल थंड पडतो, बुरशीचे धागे तुटतात आणि ओलसर मालाचे लिंबाएवढे गोळे वळले जातात, ज्यांच्या आत हवा शिरत नाही. गोळे फोडून पाहिले तर आतला भाग काळा आणि आंबट वासाचा निघतो. उपाय एकच, जाडसर ढलप्या घालायच्या.

विक्रेते दोन-तीन आठवड्यांत तयार म्हणतात ते अर्धंच खरं. त्या काळात तापण्याचा टप्पा उरकतो. त्यानंतर चार आठवडे तरी बाहेर मुरवावं लागतं. तेवढी जागा ड्रमच्या शेजारी नसेल तर लोक कच्चा माल पोत्यात भरतात आणि पोती तापतात.

गांडूळवाफा

खताची प्रत चारही साधनांत सर्वांत चांगली याचीच, पण क्षमता फार कमी. सुरक्षित माप म्हणजे चौरस मीटरला आठवड्याला पाच किलो अन्नकचरा. रोज ५० किलो म्हणजे ७० चौरस मीटर वाफा, तो बहुतेक ठिकाणी शक्य नसतो. आयसेनिया फेटिडा या जातीला १५ ते २५ अंश मानवतं, ३५ च्या वर ती मरू लागते. जाड थर घातला की तो तापतो आणि गांडुळं कडेला पळतात. म्हणून ताजा कचरा कप्प्यात तापवून घ्यावा आणि निवलेला, अर्धवट कुजलेला माल वाफ्यात मुरवावा. ही जोडी फार छान जमते.

हवेचे कप्पे

आता ज्याची शिफारस करतो त्याच्याकडे. एक कप्पा आतून १.२ मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच, म्हणजे १.७ घनमीटर. एक घनमीटरपेक्षा लहान ढिगात उष्णता टिकत नाही, म्हणून बाजारात मिळणारे दोन-तीनशे लिटरचे देखणे डबे समूहासाठी निरुपयोगी. तीन बाजू लाकडी किंवा पुनर्वापरित प्लास्टिकच्या फळ्यांच्या, पुढची बाजू वर सरकवून काढता येणाऱ्या फळ्यांची. ही पुढची बाजू फार महत्त्वाची आहे. पुढून न उघडणारा कप्पा कोणीच मनापासून उलथत नाही. फळ्यांच्या आतून आणि तळालाही ६ मिलिमीटर भोकांची वेल्डेड जाळी लावा. यापेक्षा मोठ्या भोकातून उंदराची पिल्लं शिरतात. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षटकोनी जाळी चालत नाही, उंदीर ती कुरतडतात आणि दमट हवेत ती गंजून तुटते.

तीन कप्प्यांचा संच सगळीकडे विकला जातो, पण तो रोज २० किलोलाच पुरतो. त्या वेगाने एक कप्पा भरायला तीन-साडेतीन आठवडे लागतात, तोवर दुसऱ्यात माल तापतो आणि तिसऱ्यात मुरतो. रोज ५० किलो असेल तर कप्पा आठ-दहा दिवसांत भरतो, त्यामुळे एक भरता, तीन तापते आणि दोन मुरते असे सहा लागतात. मुरणारे दोनच पुरतात, कारण तोवर आकारमान निम्म्यावर येतं. तीनच बांधून रोज ५० किलो ओतलं, तर माल कच्चाच बाहेर काढावा लागतो आणि दोष कप्प्यांवर येतो.

हवेची सोय अशी. प्रत्येक तापत्या कप्प्याच्या तळावर १०० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, त्याला दोन ओळींत दर १५-२० सेंटिमीटरवर १० मिलिमीटरची भोकं, भोकं खालच्या अंगाला. पाइपचं टोक मागच्या भिंतीपासून ३० सेंटिमीटर अलीकडे बंद करायचं, नाही तर हवा भिंतीच्या कडेने सरळ वर निघून जाते. पाइपवर १५ सेंटिमीटर जाड ढलप्यांचा थर, मग माल. लहान ब्लोअर टायमरवर, दर अर्ध्या तासाला एक-दोन मिनिटं. मधलं तापमान ६५ अंशांच्या वर गेलं तर वेळ वाढवा, माल सुकू लागला तर कमी करा. वाळवायच्या यंत्रापुढे याची वीज नगण्य. ब्लोअर नको असेल तर आठवड्यातून एकदा फावड्याने पूर्ण उलथावं लागेल, बाहेरचा भाग आत आणि आतला बाहेर. कप्पे ब्लोअरशिवायही चालतात, फक्त माणसं नेमाने लागतात, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात ती कमी होतात. ब्लोअर असला तरी एकदा मधेच उलथून घ्यावं, कारण कडेचा माल तापत नाही.

रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. कचरा ओता, मापाने पाला घाला, काट्याने जुन्या थरात मिसळा, वरून १० सेंटिमीटर कोरडा थर द्या. मिसळणं टाळून नुसते थर देणारे बरेच, आणि मग मधे ओल्या कचऱ्याची चिकट चपटी वडी तयार होते. पाला चुरलेला असेल तर हे लवकर होतं, म्हणून चुऱ्यात थोड्या जाड ढलप्या हव्यातच. त्या शेवटी चाळून परत वापरता येतात. भरून झालेल्या कप्प्यावर २० सेंटिमीटर तयार खताचं पांघरूण घाला, वास तिथेच अडकतो.

थर्मामीटर ५० सेंटिमीटर दांड्याचा घ्या आणि तीन जागी टोचा. ५५ अंशांवर किमान तीन दिवस हवेत. सांडपाण्याच्या गाळासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९३ साली घातलेला निकष हाच आहे, बंद टाकीत किंवा हवा दिलेल्या ढिगात सलग तीन दिवस ५५ अंश. हवा न देता उलथायच्या लांब राशीला तो १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा उलथणं, असा कडक होतो. अन्नकचऱ्यालाही तोच लावणं शहाणपणाचं. मांस-मासे घेत असाल तर सक्तीनेच.

वास आला तर

वासावरून दोष कळतो. अमोनियाचा झणझणीत वास म्हणजे नत्र जास्त, पाला वाढवा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा संपली, उकरा आणि ढलप्या घाला. आंबट वास सगळ्यात फसवा. अन्नकचरा सुरुवातीला आम्ल सोडतो, सामू (पीएच) चार-पाचवर येतो, आणि अशा आम्ल मालात ४० अंशांच्या आसपास गाडी अडते. तिथले जिवाणू उष्णतेने मंदावतात आणि उष्णता मानवणाऱ्यांना आम्ल सोसत नाही. लोक अशा वेळी चुना टाकतात. त्याने सामू चढतो खरा, पण नत्र अमोनिया होऊन उडून जातं. त्यापेक्षा भरतानाच दहावा भाग तयार खत मिसळा आणि पहिल्या दिवसांत हवा वाढवा. विरजण म्हणूनही तेच काम करतं. विकतच्या कल्चरची पाकिटं पहिल्या भरणीला हरकत नाही, पण दर महिन्याची वर्गणी लावून घेऊ नका. लागणारे जिवाणू पाल्यावर आणि कचऱ्यावर आधीच असतात.

माशा झाल्या तर कोरडा थर पातळ पडतोय. अळ्या कडेच्या थंड भागात वाढतात, तो भाग आत गरम गाभ्यात लोटा. काळ्या सैनिक माशीच्या मोठ्या चपट्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या अन्न फस्त करतात आणि घरात येत नाहीत. मात्र त्या खूप झाल्या तर माल ओला आहे, एवढं समजा.

पिशव्या आणि गवत

‘कंपोस्टेबल’ पिशव्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ईएन १३४३२ किंवा एएसटीएम डी६४०० हे शिक्के औद्योगिक कंपोस्टिंगसाठी आहेत, जिथे तापमान ५८ अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे टिकतं. आपल्या कप्प्यात कडेला पडलेली पिशवी तशीच राहते आणि चाळणीत अडकते. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं असेल तर त्याला काहीच अर्थ नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे झाकणाची बादली, ती कागदाने अस्तरलेली, ओतली की कागदासकट.

बाहेरून आणलेलं गवत किंवा शेणखत मिसळत असाल तर तणनाशकाची चौकशी करा. अमिनोपायरालिड आणि क्लोपायरालिड ही द्रव्यं कंपोस्टिंगमध्ये तापूनही टिकतात आणि टोमॅटो, शेंगवर्गीय झाडांची नवी पानं गुंडाळून टाकतात. आवारातल्या फवारलेल्या हिरवळीचं गवतही तितकंच धोक्याचं.

तयार झालं का

१४० किलो मिश्रणातून मुरलेलं खत साधारण ५० किलो मिळतं. १० ते १२ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, वर राहिलेल्या ढलप्या पुन्हा नव्या भरणीला. ओलावा तपासायला मूठभर घट्ट दाबा, पिळलेल्या स्पंजासारखं लागावं आणि बोटांमधून फार तर एखाद-दुसरा थेंब यावा.

मग दोन चाचण्या. ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून तीन दिवस ठेवा आणि उघडून वास घ्या. मातीचा वास असेल तर ठीक, आंबट किंवा अमोनियाचा आला तर आणखी दोन आठवडे मुरवा. दुसरी, दोन कुंड्या. एकीत नेहमीची माती, दुसरीत तीच माती आणि खत अर्धं-अर्धं, दोन्हींत मुळ्याच्या दहा-दहा बिया आणि घेवड्याच्या तीन-तीन. मुळा चार-पाच दिवसांत कच्चेपणा सांगतो, घेवड्याची पानं दोन-तीन आठवड्यांत तणनाशक दाखवतात. घेवड्याचं पान वाकडं, चमच्यासारखं आलं तर ती भरणी भाजीच्या वाफ्याला देऊ नका, हिरवळीवर पातळ पसरा, आणि ते गवत कापलं की परत कप्प्यात आणू नका.